बीपी नॉर्मल आहे ना, मग कशाला उठवलं?

प्रश्न एका नव्या स्टाफ नर्सचा आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा होऊन आठ महिने झालेत, जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल वॉर्ड, नाइटला एकटी. चोवीस वर्षांचा डेंग्यूचा मुलगा, आजाराचा पाचवा दिवस. संध्याकाळी ताप उतरला म्हणून घरचे खूश. रात्री दहाला बीपी ११०/७६, दोनला १००/८०, पल्स ११२. दोन उलट्या झालेल्या, पोटात दुखतंय, सारखा कूस बदलतोय. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण आठवड्यापूर्वी अशाच वेळी डॉक्टरांना फोन केल्यावर "बीपी नॉर्मल आहे ना, मग कशाला उठवलं?" असं ऐकून घ्यावं लागलं होतं, म्हणून तिने सकाळची वाट पाहिली. सहाला बीपी ८४/७०, हातपाय गार, मुलाला आयसीयूत हलवलं. तो वाचला. ती विचारते, डॉक्टरांना कधी बोलवायचं हे ठरवायचं कसं, आणि ते ठरवणं नर्सचं काम आहे का?

अगं, उत्तर तू लिहिलेल्या आकड्यांतच आहे. १००/८० हे बीपी या मुलासाठी नॉर्मल नाही. वरचा आकडा शंभर दिसला की आपण निश्चिंत होतो आणि पुढच्या बेडकडे वळतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. डेंग्यूत दोन आकड्यांमधलं अंतर बघायचं असतं. दहाला ते ३४ होतं, दोनला २० झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत २० किंवा त्याहून कमी अंतर हे शॉकचं लक्षण धरलंय. म्हणजे दोन वाजता तुझ्यासमोर शॉकच होता, नॉर्मलचं सोंग घेतलेला.

असं का होतं ते समजून घेतलंस तर पाठ करावं लागणार नाही. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि रक्तातलं पाणी पोटाच्या, छातीच्या पोकळीत उतरतं. आतला साठा कमी झाला की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणजे हृदयाचा आणि मेंदूचा पुरवठा टिकतो. त्या आवळण्याने खालचा आकडा चढतो, वरचा काही काळ तसाच राहतो. तरुण पोरगा हे तासन्‌तास ओढून नेतो. शुद्धीत असतो, बोलतो, मोबाइलसुद्धा बघतो, आणि मग एकदम कोसळतो. हे सगळं घडतं ते ताप उतरायच्या सुमाराला, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. नेमकं तेव्हाच घरचे "सिस्टर, सुट्टी कधी?" विचारायला लागतात. त्यांचा सगळा जीव प्लेटलेटच्या आकड्यात आणि पपईच्या पानांच्या रसात अडकलेला असतो. प्लेटलेट त्यांना सांग, पण तू स्वतः पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, बघ. ४० चा ४८ झाला म्हणजे २० टक्क्यांनी रक्त घट्ट झालं, म्हणजेच पाणी बाहेर जातंय.

आता तुझ्या वाटण्याबद्दल. क्रिस्टीन टॅनर या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने २००६ साली नर्सचा निर्णय चार टप्प्यांत मांडला होता: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर मागे वळून बघणं. तुझा पहिला टप्पा बरोबर होता. आठ महिन्यांच्या अनुभवात तुला ते जाणवलं, हे थोडं नाही. तू अडलीस दुसऱ्या टप्प्यावर. पाल चुकचुकली, पण तिचं काय करायचं ते तुला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे शिकवतच नाहीत. प्रोसिजर शिकवतात, बेड मेकिंगला मार्क असतात, आणि शंका आली की "अनुभवाने कळेल" म्हणून सोडून देतात.

मी काय करते ते सांगते. शंका आली की लगेच फोन उचलत नाही, आणि गप्पही बसत नाही. परत बेडपाशी जाते. स्टूल ओढून बसते, कारण उभं राहून बघितलेलं आणि बसून बघितलेलं यात फार फरक पडतो. मशीन बाजूला ठेवून बीपी हाताने, स्टेथो लावून घेते. पेशंटचा हात हातात धरते. मनगटापर्यंत गार आहे की कोपरापर्यंत? नख पाच सेकंद दाबून सोडते आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मनात मोजते. दोन सेकंदांच्या वर गेलं की मी सावध. मग विचारते, शेवटची लघवी कधी झाली? पेशंटला नाही, सोबतच्या माणसाला विचारायचं, पेशंट "झाली" म्हणून मोकळा होतो. कॅथेटर असेल तर मोठ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिली हा हिशोब. साठ किलोच्या माणसाच्या बॅगेत चार तासांत १२० मिली तरी उतरायला हवी. याला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांनी एकतर शंका विरते, किंवा तुझ्याकडे सांगण्यासारखे चार आकडे असतात.

आणि श्वास मोज. हे मी रागाने लिहितेय. कुठल्याही वॉर्डातला ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट काढ, श्वासाच्या रकान्यात सगळ्यांचे २० किंवा १८. न्यूमोनियाचा म्हातारा २०, हर्नियाचं ऑपरेशन झालेला २०, शेवटच्या घटका मोजणाराही २०. कुणी मोजतच नाही. खरं तर पेशंट बिघडतोय हे सांगणारा सगळ्यात पहिला आकडा बहुतेक वेळा हाच असतो, आणि त्याला घड्याळाशिवाय काही लागत नाही. मनगटावर बोटं ठेवायची, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण मिनिट मोजायचं. श्वास मोजताय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक धोक्याच्या गुणांचा तक्ता काढला, २०१७ मध्ये सुधारला. त्यात श्वास २५ किंवा जास्त असेल तर त्या एकाच गोष्टीचे ३ गुण, आणि कुठल्याही एका गोष्टीत ३ आले की पेशंटला तातडीने बघायचं. एकूण बेरीज ५ झाली तरी तेच, ७ झाली तर इमर्जन्सी. आपल्या बहुतेक वॉर्डांत असा तक्ता छापलेला नसतो. वहीच्या मागच्या पानावर उतरवून घे, कुणी अडवत नाही.

माझी चूक सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की ही बाई वर बसून उपदेश करतेय. नोकरीची पहिली काही वर्षं, पीएनसी म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड. रात्री साडेअकराला नॉर्मल डिलिव्हरी होऊन आलेली बाई, दुसरी खेप. बीपी ११०/७०. पल्स १२४. "घाबरलीय," मी मनाशी म्हटलं. पांघरूण बाजूला करून पॅड बघितलं, वरून जवळजवळ कोरडं. पांघरूण परत घातलं. अर्ध्या तासाने पाण्याचा तांब्या ठेवायला आलेली मावशी म्हणाली, "सिस्टर, ही जांभया लय देतीय." मी कमरेखाली हात घातला आणि हात कोपरापर्यंत ओला झाला. बाई उताणी झोपलेली असते, रक्त पुढे पॅडवर न येता मागे पाठीखाली वाहत जातं. रबरी शीटवर थारोळं झालं होतं. गर्भाशय बशीतल्या लोण्यासारखं मऊ, आणि मूत्राशय तुडुंब. गर्भाशय चोळलं, कॅथेटर घातलं, डॉक्टर धावत आले, रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या. बाई वाचली. तेव्हापासून पीएनसीमध्ये मी पॅड बघितलं असं लिहीत नाही, कमरेखाली हात घातला असं लिहिते. पुढे कळलं की पल्सला वरच्या बीपीने भागायचं असतं आणि बाळंतिणीत उत्तर ०.९ च्या वर गेलं की सावध व्हायचं. त्या रात्री ते १.१ होतं. कागदावर लिहिलेलं होतं, मीच लिहिलेलं. बीपी पडायच्या आधी पल्स चढते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

मावशीचं वाक्य मुद्दाम सांगितलं. वॉर्डात तुझे डोळे दोन आणि पेशंट चाळीस. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, इतर हॉस्पिटलांत पाचमागे एक. वाच आणि हस. तेव्हा रात्रीचा पहिला निर्णय हाच, की कुणाकडे जास्त वेळा जायचं. आधीच्या ड्युटीकडून ओव्हर घेतानाच मी तीन-चार बेड ठरवते. आजच आयसीयूतून बाहेर आलेला. आज ऑपरेशन झालेला. डेंग्यूत ताप नुकताच उतरलेला. आणि ज्याचे नातेवाईक म्हणतात, "हे असे कधी वागत नाहीत हो." हे वाक्य कानाआड करू नकोस. ती बायको त्या माणसाला तीस वर्षं ओळखते, आपण आठ तास. "बाबा आज वेगळंच बोलतायत" म्हणून एक मुलगी दोनदा टेबलापाशी आली, तिसऱ्यांदा मी उठले, शुगर ३८. बाबा दुपारी जेवले नव्हते आणि शुगरची गोळी मात्र वेळेवर दिली गेली होती.

त्यालाच जोडून, तळमळणाऱ्या पेशंटबद्दल. रात्री कुणी ओरडायला लागलं, सलाइन ओढायला लागलं की आजूबाजूचे म्हणतात, "सिस्टर, याला झोपेचं इंजेक्शन द्या." ऑर्डर पण मिळते, फोनवर. ते भरायच्या आधी एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) बघ, शुगर कर, ओटीपोटावर हात ठेवून मूत्राशय भरलंय का बघ, कॅथेटरची नळी कुठे दुमडलीय का बघ, आणि दुखतंय का ते विचार. ऑक्सिजन कमी पडल्यामुळे तळमळणाऱ्याला झोपवलं तर तो खरंच झोपतो. ऑक्सिजनचंही तारतम्य आहे. जुन्या दम्याच्या, बिडी ओढून फुप्फुसं गेलेल्या माणसाला सीओपीडी असेल तर सहसा एसपीओटूचं ८८ ते ९२ टक्के हे टार्गेट ठरवलेलं असतं. ते ९८ दिसावं म्हणून फ्लो वाढवत नेलास तर काही जण त्याने सुस्तावतात, कार्बन डायऑक्साइड साठत जातो. चार्टवर टार्गेट लिहिलेलं नसेल तर संध्याकाळच्या राउंडलाच विचारून घे, रात्री दोनला नको.

ठरवणं नर्सचं काम आहे का, हे तू विचारलंस. निदान आपलं नाही, औषध बदलणं आपलं नाही. पण सुई टोचणारा हात आपला आहे. एक्लाम्प्सियाच्या, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून झटके आलेल्या, बाईला दर चार तासांनी पाच ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट लिहिलेलं असतं. प्रत्येक डोसच्या आधी गुडघ्याचा झटका येतोय का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, आणि मागच्या चार तासांत लघवी तासाला ३० मिलीच्या हिशोबाने झालीय का, हे बघायचं असतं. यातलं एक जरी नसेल तर डोस थांबवायचा, डॉक्टरांना कळवायचं, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं दहा मिलीचं अँप्यूल ट्रेमध्ये असलंच पाहिजे. "ऑर्डर होती म्हणून दिलं" हे तिथे चालत नाही. इन्शुलिनचंही तसंच. सकाळचा डोस लिहिलाय, पेशंट उलट्या करतोय, नाश्ता तसाच पडलाय. शुगर कर, थांब, विचार. मात्र थांबवलं की कळवायचं आणि लिहायचं. न देता गप्प राहणं आणि डोस विसरणं, केसपेपरवर दोन्ही सारखंच दिसतं.

आता फोन. तुझा मागचा फोन काय होता ते तू लिहिलेलं नाहीस, पण मी अंदाज करू शकते. "सर, तो चौदा नंबर जरा बरा वाटत नाहीये, बीपी शंभर आहे." झोपेतून उठलेल्या, आदल्या रात्रीही जागलेल्या माणसाला यातून एकच गोष्ट कळते, बीपी शंभर आहे. त्याचं उत्तर उद्धट होतं, पण तुझ्या वाक्यातूनच आलं होतं. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर निरोप देण्याची एक शिस्त होती, ती पुढे हॉस्पिटलांत आली: आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. त्या रात्री हा फोन असा झाला असता:

"सर, मेडिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड चौदा, चोवीस वर्षांचा, डेंग्यू पाचवा दिवस, संध्याकाळी ताप उतरलाय. बीपी दहाला ११०/७६ होतं, आता १००/८०, अंतर वीसवर आलंय, मी हाताने दोनदा घेतलं. पल्स ११२, श्वास २६, हात गार, नखाचा रंग यायला चार सेकंद. नऊनंतर लघवी नाही. दोन उलट्या, पोटात दुखतंय. मला हा शॉकमध्ये चाललाय असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा. व्हेनफ्लॉन चालू आहे, पीसीव्हीचं सॅम्पल काढून ठेवते. सलाइन कुठल्या रेटने लावू?"

अर्धा-पाऊण मिनिट लागतं. फोन लावायच्या आधी आकडे चिठ्ठीवर लिही, आवाज थरथरला तरी वाचता येतात. "मला असं वाटतंय" म्हणायला घाबरू नकोस, आणि "येऊन बघा" हे शब्द तोंडाने उच्चार, समोरच्याने ओळखायची वाट बघू नकोस. फोनवर ऑर्डर मिळाली तर ती परत म्हणून दाखव आणि लिहून घे. कुणी आलं नाही तर पंधरा-वीस मिनिटांनी परत बीपी, परत फोन. तरी नाही, तर त्यांच्या वरच्यांना, कॅज्युअल्टीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना, म्हणजे सीएमओंना फोन कर, कॉल बुक घेऊन वॉर्डबॉय मामांना पाठव. तुझ्या इन्चार्जलाही कळव. केसपेपरवर वेळ, आकडे, कुणाला कळवलं, काय सांगितलं, एवढंच. "वारंवार सांगूनही आले नाहीत" असली वाक्यं लिहू नकोस, २.१०, २.३० आणि २.४५ अशा तीन वेळा ओळीने असल्या की वाचणाऱ्याला कळतं.

सलाइन सुरू झालं म्हणजे तुझं काम संपलं असंही नाही. डेंग्यूत जे पाणी बाहेर गेलं ते एक-दोन दिवसांत परत रक्तात येतं, आणि तोवर कुणी ड्रिपचा रेट कमी केलेला नसेल तर तोच पेशंट छातीत पाणी भरून धापा टाकायला लागतो. रेट कधी कमी करायचा ते डॉक्टर ठरवतात, पण श्वास १८ चे २८ झाले हे सांगणारं तुझ्याशिवाय तिथे कुणी नसतं.

ओरडा बसेल का? बसेल. काही फोन वाया जातील, डॉक्टर येतील, बघतील, "काही नाही" म्हणून जातील. जाऊ देत. पुढच्या वेळी त्यांना आठवेल की ही सिस्टर आकडे घेऊन बोलते. काही जण तरी ओरडतीलच, ते घरीही ओरडत असावेत. मला ओरडलेले एक हाऊसमन (शिकाऊ डॉक्टर) पुढे मोठे फिजिशियन झाले. आता वॉर्डात आले की आधी माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "कोणता बेड?"

आज ड्युटीवर गेलीस की दोन कामं कर. वॉर्डातल्या त्या ऑटोमॅटिक मशीनचा कफ बघ. बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि सगळ्या दंडांना तोच बांधतात. बारीक दंडाला मोठा कफ लावला तर बीपी कमी दाखवतो, जाड दंडाला लहान लावला तर जास्त. लहान कफ स्टोअरमध्ये पडलेला असेल, मागणीचा इंडेंट टाक.

आणि आयसीयूत जाऊन त्या मुलाला भेटून ये. माफी मागायला नको, तो घाबरेल. त्याला एवढंच विचार की रात्री दोनला त्याला काय होत होतं. मी एकदा एका मुलीला असं विचारलं होतं. ती म्हणाली, "सिस्टर, झोप येत नव्हती, पण डोळे उघडे ठेवायलाही जमत नव्हतं. तुम्ही दोनदा आलात ते मला कळलं होतं."